ज्यांनी आमच्याकडून काहीच घेतलं नाही

अण्णा,

आधी 'तुम्ही गेलात' असं लिहिलं होतं, ते खोडलं. तुम्ही लगेच विचारलं असतंत, "कुठं गेलो? मार्केटला?" म्हणून सरळ लिहिते. तुम्ही वारलात. गुरुवारी आमटीभात जेवून, वर ताक पिऊन आडवे झालात आणि दुपारच्या कॉफीला उठला नाहीत. काकूंचा फोन आला तेव्हा मी व्हाइटफील्डहून मेट्रोनं परत येत होते. त्या म्हणाल्या, "वैशाली, ह्या शनिवारी नवीन मुलगी आणू नको ग. हे वारले." आधी शनिवार, मग तुम्ही. मला वाटतं, त्या घटकेला काकूंना एवढंच सुचलं असेल की कुणाची तरी पोर उन्हातून बनशंकरीपर्यंत येईल आणि तिची फेरी फुकट जाईल.

'वारले' हा शब्द न अडखळता म्हणायला आम्ही सगळ्या तुमच्याच घरी शिकलो.

तुमची माझी ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली, मोदकाच्या रांगेत. मी नागपूरहून नवऱ्याच्या नोकरीमागे इथे बंगळूरला आलेली, शाळेतली नोकरी तिकडे सोडलेली. सोसायटीतल्या एका बाईंनी 'तू इतकी बोलतेस तर विमा का विकत नाहीस' असं म्हटलं, आणि मी खरंच विकायला लागले. म्हणजे लागले नव्हते, नुसती हिंडत होते. तुम्ही रांगेत माझ्या पुढे होतात. मी नंबर मागितला, तुम्ही दिलात, आणि वर म्हणालात, "शनिवारी या की. शनिवारी मी रिकामा असतो." मला वाटलं, किती सज्जन माणूस आहे.

शनिवारी मी पाठ केलेलं सगळं घेऊन आले. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की ग्राहकाला घाबरवायचं नाही, हळुवार बोलायचं. मी हळुवार सुरुवात केली.

"अण्णा, देव न करो, पण उद्या तुम्हाला काही झालं तर..."

"काही म्हणजे काय?"

"म्हणजे काही बरंवाईट."

"बरं झालं तर काय देता?"

माझ्या पाठांतरात हा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, "नाही, म्हणजे वाईटच."

"वाईट म्हणजे? सर्दी?"

"सर्दी नाही हो. म्हणजे समजा तुम्ही नसलात."

"मी सकाळी नसतोच. फिरायला जातो."

काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. शेवटी मी वैतागून म्हटलं, "तुम्ही वारलात तर, अण्णा." तुम्ही खुर्चीत मागे टेकलात, अगदी प्रसन्न झालात आणि म्हणालात, "हां. आता कळलं. बोला पुढं."

मी पुढं बोलले. भरपूर बोलले. घशाला कोरड पडेपर्यंत बोलले. तुम्ही मान डोलवत होतात. सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "ह्या योजनेला वयाची अट काय आहे?" मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ती ओलांडून मला चार वर्षं झाली. तुम्ही विचारलंच नाही." आणि मग एकच शब्द बोललात: "बेडा."

तुमचा जन्म बेळगावचा, उभी नोकरी इथल्या सरकारी कारखान्यात, त्यामुळे तुमच्या मराठीत कन्नड असं न सांगता यायचं. मला काय ठाऊक 'बेडा' म्हणजे 'नको'. मी नागपूरची. मला वाटलं तुम्ही 'बेडा पार' म्हणताय, आणि मी हसऱ्या चेहऱ्यानं 'पार'ची वाट बघत बसले. ते येईना. काकूंनी कॉफी आणून दिली आणि हळूच सांगितलं, "नको म्हणतायत ग."

एक गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितली नाही. त्या दिवशी मी ते काम सोडायचं ठरवून घरातून निघाले होते. तुम्ही माझे शेवटचे गिऱ्हाईक होतात. कॉफी पिऊन उठले तेव्हा तुम्ही चपला घालून फाटकापर्यंत सोडायला आलात आणि म्हणालात, "पुढच्या शनिवारी वय विचारून सुरू करा." मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "एक म्हातारा आहे, लई बेरकी आहे, त्याला मी विकूनच राहीन." आठवड्यावर आठवडे गेले, तुम्हाला काही विकलं नाही, पण दरम्यान इतरांना विकायला लागले. तुमच्या घरातून निघालं की बाहेरचं कुठलंही गिऱ्हाईक सोपं वाटायचं.

पुढे मी टीम लीडर झाले आणि माझ्या हाताखाली नवीन बायका आल्या. सगळ्या थोड्याफार माझ्यासारख्याच. कुणाचा नवरा पुण्याहून बदलून आलेला, कुणाची बँकेतली नोकरी नाशिकला राहिलेली. कन्नड येत नाही, हिंदीत लाज वाटते, आणि कोरमंगलाच्या एखाद्या काचेच्या ऑफिसात शिरायचं म्हटलं की दारावरूनच परत फिरतात. त्यांना वाक्यं शिकवायला कंपनी होती. पण 'नाही' ऐकून घरी जाऊन रडू नये, हे कोण शिकवणार? मी तुमच्याकडे आले आणि विचारलं, "अण्णा, तुम्ही माझ्या मुलींना नकार द्याल का?"

तुम्ही विचारलंत, "मन लावून द्यायचा की साधा?"

"मन लावून."

"सरी," तुम्ही म्हणालात, म्हणजे 'ठीक आहे'. आणि अण्णा, तुम्ही ते काम ज्या निष्ठेनं केलंत ना, कारखान्यातसुद्धा तितक्या निष्ठेनं केलं नसेल. काकूंचंही हेच मत आहे.

सुरुवातीला तुम्ही नुसतेच अण्णा होतात. मग तुम्हाला सोंगं सुचायला लागली. जावई इथे विसरून गेलेलं त्याचं जुनं ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घालून तुम्ही आयटीतला मुलगा व्हायचात. बनियन, लुंगी आणि गळ्यात निळी पट्टी. पोरीनं तोंड उघडलं की बोट वर करून म्हणायचात, "वन मिनिट, आय ॲम ऑन अ कॉल," आणि टीव्हीचा रिमोट कानाला लावून उगाच 'या, या, शुअर' करत बसायचात. एकदा जयनगरचे सोनार झालात आणि आख्ख्या बोलण्यात एकदाही वर बघितलं नाहीत, नुसते शेंगदाणे मोजत राहिलात. आणि ती शाल डोक्यावरून घेऊन केलेली सासू. "सुनेच्या नावानं पॉलिसी? आधी तिला पोळ्या नीट करू दे." ती ऐकून जळगावची प्राची इतकी हसली की तिला ठसका लागला. काकू पाणी घेऊन आल्या आणि तुम्हाला म्हणाल्या, "माझ्या सासूबाई अशाच बोलायच्या. कुठं होतात तुम्ही तेव्हा?" तुम्ही शाल काढून घडी करायला लागलात. त्या शनिवारी पुढचा धडा झाला नाही.

तुमचे नियम होते. मुलीनं माफी मागायची नाही. 'सर, दोनच मिनिटं' म्हणायचं नाही, कारण दोन मिनिटांत काही होत नसतं हे तिलाही ठाऊक आणि गिऱ्हाइकालाही. आणि नकार मिळाला तरी कॉफी पिऊनच उठायचं. "नको म्हटलं म्हणजे हाकललं असं नाही," तुम्ही म्हणायचात. "पॉलिसी नको म्हटलं. तू नको असं कुठं म्हटलं?" हे वाक्य आमच्यातल्या कितीजणींनी किती जिन्यांवर स्वतःशी म्हटलं असेल, देव जाणे.

मृणालची गोष्ट लिहायलाच हवी, कारण तिच्याबद्दल मला तुम्हाला एक विचारायचं होतं आणि ते राहून गेलं.

मृणाल साताऱ्याची. ती आली तेव्हा तिच्या नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती. घरभाडं, मुलाची शाळा, आणि पोरगी सकाळपासून दारोदार हिंडूनही एकही पॉलिसी होत नव्हती. त्या महिन्यात काही झालं नसतं तर कंपनीनं तिला काढलं असतं. मी तिला तुमच्याकडे आणलं. तुम्हाला यातलं काही सांगितलं नव्हतं. तुम्ही त्या दिवशी आयटीतला मुलगा होतात. तिसऱ्यांदा रिमोट कानाला लावलात, तशी मृणाल उठून उभी राहिली.

"तुम्हाला घ्यायचं नाही ना? मग सरळ सांगा. माझ्याकडे वेळ नाहीये. तुमच्यासारखी माणसं टाइमपास करतात आणि आमची चूल थांबते."

तुम्ही रिमोट खाली ठेवलात, गळ्यातली पट्टी काढलीत. क्षणभर वाटलं, आता चिडणार. तुम्ही म्हणालात, "आज पहिल्यांदा कुणीतरी नीट बोललं. बस. काय झालंय?" ती बसली आणि तिनं सगळं सांगितलं. तुम्ही एकदाही मध्ये बोलला नाहीत, हे तुमच्या बाबतीत नवलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिला तुमच्या फिरायच्या बागेत बोलावलंत. मीही गेले. तिथे तुमचे कारखान्यातले जुने सोबती कट्ट्यावर बसलेले. तुम्ही मृणालला त्यांच्यापुढे उभं केलंत आणि खड्या आवाजात सांगितलंत, "ही मुलगी विमा विकते. तुम्ही कुणी हिच्याकडून काही घेऊ नका. काही गरज नाही. मी घेतला नाही, माझं काही अडलं नाही."

मृणालचा चेहरा पडला. मला तर तुम्हाला तिथल्या तिथे काहीतरी बोलावंसं वाटलं. आणि मग एक जाडजूड गृहस्थ काठी टेकत उठले आणि म्हणाले, "ह्यानं घेऊ नका म्हटलं ना? मग त्यात नक्की काहीतरी आहे. मुली, तू माझ्या मुलाला भेट. त्याला दोन लहान पोरं आहेत आणि अक्कल नाही." दुसरे म्हणाले, "आमच्या जावयालाही." आख्खी नोकरी ज्या माणसांनी तुमचं एक अक्षर ऐकलं नव्हतं, ती त्या दिवशीही ऐकायला तयार नव्हती. मृणालचा महिना तर निभावलाच, वर पुढचे दोन महिने तिला नवीन दार शोधावं लागलं नाही.

आता माझा प्रश्न. तुम्ही हे मुद्दाम केलंत का? तुमच्या सोबत्यांचा स्वभाव ओळखून टाकलेला डाव होता, की तुम्हाला खरंच त्यांनी काही घेऊ नये असं वाटत होतं? मृणाल म्हणते, अण्णांनी माझ्यासाठी केलं. परवा काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कसला डाव? घरी येऊन दिवसभर कुरकुरत होते, 'मूर्ख आहेत सगळे, सांगूनही घेतलं.'" मी दोन्ही उत्तरं जवळ ठेवली आहेत.

आणि आपला वाद तर अर्धाच राहिला.

तुमचं म्हणणं होतं की मी मुलींना अर्धंच शिकवते. नकार पचवायला शिकवते, नकार द्यायला शिकवत नाही. गिऱ्हाईक हो म्हणत असेल, पण त्याला त्या गोष्टीची गरज नसेल, तर विकणाऱ्या बाईनं 'नको, तुम्ही घेऊ नका' म्हटलं पाहिजे. ते आलं की ती तयार झाली. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला टार्गेट नाही म्हणून सुचतंय. जिच्या हातात स्वतःचा पहिला पगार अजून पडला नाही, तिनं आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं? भरल्या पोटी गोष्टी आहेत ह्या." तुम्ही म्हणालात, "पोट भरलं की मग कोण शिकतं?" मी चिडले. तुम्हीही चिडलात. काकूंनी दोघांपुढे चिवडा ठेवला, तो कुणी खाल्ला नाही. निघताना तुम्ही फाटकाशी म्हणालात, "स्वल्प विचार कर."

केला होता, अण्णा. आठवडाभर केला होता. स्वयंपाक करताना, मेट्रोत, नवऱ्याशी बोलताना. त्या शनिवारी सांगायला एक चोख उत्तर तयार होतं. ते असं होतं, की नकार देणं हा बायकांना लहानपणापासून कुणी दिलेला हक्क नाही, त्यामुळे तो शिकवायला वेळ लागतो, आणि तोवर त्यांच्या खात्यात चार पैसे असले तर तो शिकणं सोपं जातं. बघा पटतंय का. तुम्ही यावर काहीतरी खवचट बोलला असतात आणि मी पुन्हा चिडले असते. मला ते खवचट वाक्य काही केल्या सुचत नाहीये. गेले कित्येक दिवस मी तुमच्या वतीनं ते शोधतेय.

तुमच्या घरी त्या दिवसांत काय झालं ते ऐका, तुम्हाला आवडेल.

पुण्याहून मंजिरी आली होती. तुमची मुलगी बिचारी रडूनरडून थकलेली, आणि दारातून एकेक अनोळखी बाई आत येतेय. पंजाबी ड्रेस, खांद्याला ऑफिसची बॅग, डोळे लाल. प्राची आली, मृणाल आली, व्हाइटफील्डहून तिघी एकाच कॅबमध्ये आल्या. मंजिरीनं पहिलीला विचारलं, "तुम्ही बाबांच्या ओळखीच्या?" ती म्हणाली, "मी विमा कंपनीत आहे." दुसरीही तेच म्हणाली. तिसरीही. मंजिरी मला बाजूला घेऊन गेली. तिला वाटलं, बाबांनी म्हातारपणी गुपचूप सगळ्यांकडून पॉलिसी घेऊन ठेवल्या.

"ताई, खरं सांगा. बाबांनी किती काढल्या होत्या?"

"एकही नाही."

"ह्यांच्याकडून?"

"नाही."

"त्या मृणाल म्हणून आहेत, त्यांच्याकडून?"

"नाही."

"मग ह्या सगळ्या रडतायत कशाला?"

मृणाल मागेच उभी होती. ती म्हणाली, "त्यांनी आम्हाला फार छान 'नाही' म्हटलं हो." आणि मंजिरी हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली आणि पुन्हा रडायला लागली. मग मी पण तिच्या शेजारी फरशीवर बसले.

तिनं काकूंना पुण्याला न्यायची तयारी केली होती. काकूंनी शांतपणे सांगितलं, "दिवाळीत येईन. इथं माझे शनिवार असतात." मंजिरीला वाटलं, उपास असतात. मलाही तसंच वाटलं.

दिवस झाल्यावर काकूंचा फोन आला. "त्या पोरीला आण की. ती लातूरची, जी आणणार होतीस."

म्हणून परवा अश्विनीला घेऊन आले. बावीस-तेवीसची असेल, लग्न होऊन नुकतीच इथे आलीय, बोलताना ओढणीचं टोक पिळत बसते. काकू तुमच्या खुर्चीत बसल्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही गिऱ्हाईक व्हा. अण्णांसारखं 'नाही' म्हणायचं." काकू म्हणाल्या, "होय की."

अश्विनीनं नमस्कार केला, वय विचारलं, योजना सांगायला लागली. दरमहा पेन्शन देणारी योजना होती. दुसरंच वाक्य चालू असताना काकू म्हणाल्या, "घेते."

अश्विनीनं माझ्याकडे बघितलं. मी काकूंकडे बघितलं. म्हटलं, "काकू, नाही म्हणायचंय."

"कशाला नाही? चांगलं बोलतीय पोर. घेते मी. खरंच घेते. मंजिरीला सांगून पैसे काढते."

तुमच्या घरात हे कधी झालंच नव्हतं, अण्णा. 'हो' आल्यावर काय करायचं ते आमच्या शनिवारांत कुणी शिकवलेलंच नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला, की ही पॉलिसी झाली तर ह्या मुलीची पहिली, आणि महिनाअखेर आलीय. मी काकूंना पुन्हा अडवलं नाही.

अश्विनीनं ओढणी सोडली. विचारलं, "काकू, महिन्याच्या खर्चाला कमी पडतं का तुम्हाला?"

"छे ग. ह्यांनी सगळं नीट लावून ठेवलंय."

"मग कशासाठी घेताय?"

"तू एवढ्या लांबून आलीस."

तिनं टॅब मिटला. म्हणाली, "मग नको, काकू. सगळे पैसे ह्यात अडकतील. तुम्ही नका घेऊ."

काकूंना राग आला. खरा राग. त्या घरात इतकी वर्षं बायका विकायला येत होत्या, आणि आज घेते म्हणणाऱ्या बाईलाच एक पोर 'नाही' म्हणत होती. "मला नाही म्हणतेस? का? माझं वय झालं म्हणून? माझ्या पैशाचं मी बघेन की." अश्विनी म्हणाली, "पैसे तुमचेच आहेत, पण पॉलिसी माझी आहे." काकूंनी दुसरी एखादी योजना विचारली. तिनं तीही नाकारली. काकूंनी कॉफी केली, परत येऊन पुन्हा मागे लागल्या. पोरगी हलली नाही. मी मध्ये पडले नाही. 'घेऊ दे की त्यांना' असं तोंडाशी आलं होतं, ते कॉफीबरोबर गिळलं.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या आणि अश्विनीला म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी ये. बघते तू कशी देत नाहीस ते."

तेव्हा अण्णा, वादात तुमची बाजू एका पोरीनं पुढे आहे, हे मान्य. पण तिचा पहिला पगार व्हायचाय अजून. तो होऊ दे, मग बोलू.

तुमची,
वैशाली